पायावर निभावलं, मग पुढे?

अपघात झालेल्या घरी भेटायला आलेली माणसं एक वाक्य हमखास बोलतात. 'जिवावरचं होतं, पायावर निभावलं बघा.' त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पोरगं वाचलं, सिद्धरामेश्वर पावला, एवढंच म्हणायचं असतं. मग चहा होतो, 'काही लागलं तर सांगा' होतं, आणि पंधरा-वीस दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ आटते. पायावर जे निभावलं, ते मात्र त्या घरात राहायलाच आलेलं असतं. पोराचं वय वीस असेल तर पुढची चाळीस-पन्नास वर्षं.

हाताला प्लास्टर, दीड महिना सुट्टी आणि पुन्हा कट्ट्यावर हजर, अशा दुखापतीबद्दल हे चाललेलं नाही. मणक्याला मार बसून मज्जारज्जूला इजा झाली की कमरेखालचं, कधी मानेखालचं शरीर लुळं पडतं. मेंदूला जबर मार बसला की काही जणांना घरच्यांची ओळखही राहत नाही. अंथरुणाला खिळलेल्या अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला आणि कमरेला जखमा होतात. लघवीची नळी असते, तिच्यातून इन्फेक्शन होतं. फिजिओथेरपी, व्हीलचेअर, हवेची गादी, डायपर, औषधं. आणि हे सगळं करायला चोवीस तास एक माणूस. ते माणूस म्हणजे बहुतेक घरांत आई, नाहीतर शिक्षण सोडून घरी बसलेली बहीण.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडचा अपघाताचा कायदा आणि विमा मेलेल्या माणसाचा विचार करून बनलाय. कायमचा जखमी होऊन जगलेल्या माणसासाठी त्यात नीट जागाच नाही. ती करायला हवी. आणि ती होईपर्यंत आपापल्या गाडीची कागदं आपणच वाचायला हवीत.

दात आणि मणका एकाच रकान्यात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. गेलेल्यांचा आकडा बातमीत येतो, भाषणात येतो. जखमींचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

जखमींमध्ये 'गंभीर' कोणाला म्हणायचं, याची व्याख्या फौजदारी कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ११६ बघा. डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं, अवयव गमावणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं हे सगळं गंभीर. त्याच यादीत हाड किंवा दात मोडणंही आहे. म्हणजे दात पडलेला आणि मणका मोडलेला, कायद्याच्या लेखी दोघंही 'गंभीर जखमी'.

हे फक्त व्याख्येपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण पैसे याच रकान्यावरून ठरतात. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत मृत्यूला २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. बोट मोडलं तरी ५० हजार, आयुष्यभर अंथरुणाला खिळला तरी ५० हजार. गाडी सापडली, पण चूक कुणाची या वादात पडायचं नाही असं ठरवलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. खड्ड्यामुळे अपघात झाला तर? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये चांगला निर्णय दिला. खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास दुखापत बघून ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. सोलापूरच्या रस्त्यांवरून रोज गाडी मारणाऱ्यांना या निर्णयाचं मोल वेगळं सांगायला नको. पण इथेही तेच. जास्तीत जास्त जखमीची रक्कम मृताच्या निम्म्याहूनही कमी.

वरवर बघितलं तर हे बरोबरच वाटतं. मरणापेक्षा मोठं नुकसान कुठलं? पण घरखर्चाच्या वहीत बघा. कमावता मुलगा गेला की त्याची कमाई जाते. कमावता मुलगा कायमचा लुळा पडला की कमाईही जाते आणि खर्चही येतो. त्यात त्याला सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसाची कमाईही जाते. दुःखाची तुलना करू नये, मान्य. पण विमा हा दुःखाचा नाही, खर्चाचा हिशेब आहे. तो तरी बरोबर करा.

आठव्या दिवशी काय?

अलीकडे एक गोष्ट खरंच चांगली झाली. ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी देशभर कॅशलेस उपचारांची योजना लागू झाली. अपघात झाल्यापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये पैसे न भरता मिळतात. चूक कुणाची, विमा आहे की नाही, हे आधी विचारायचं नाही. अपघात दिसला तर ११२ ला फोन करा. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस किंवा हॉस्पिटल अडकवून ठेवतील, ही भीतीही काढून टाका. मदत करणाऱ्याला कलम १३४ अ चं संरक्षण आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

या योजनेने जीव वाचतील. पण मणका मोडलेल्या माणसाचं नवं आयुष्य आठव्या दिवशी सुरू होतं, आणि नेमकी त्याच दिवशी योजना संपते. तिथून पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना, सिव्हिल हॉस्पिटल, पाहुण्यांकडून उसने, सोनं गहाण, आणि शेवटी वावराचा तुकडा. ऑपरेशनला निदान योजना आहेत. घरी आणल्यावर रात्री दोन वाजता कूस बदलायला कुठलीच योजना येत नाही. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची मदत २०२५ मध्ये महिन्याला दीड हजारावरून अडीच हजार झाली. ती जरूर घ्या. पण अडीच हजारात महिन्याचे डायपर तरी येतील का, हे मेडिकलवाल्याला विचारून बघा.

कोर्टाने मांडलेला हिशेब

मग आयुष्यभराचा हिशेब कुणी मांडलाच नाही का? मांडला, सर्वोच्च न्यायालयाने. ज्या गाडीच्या चुकीने अपघात झाला तिचा मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो, कलम १६६ खाली. आपल्याकडे हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयातच चालतं. इथे भरपाईला वरची मर्यादा नाही.

२००७ मध्ये हरियाणात बारा वर्षांची एक मुलगी आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जात होती. ट्रकने धडक दिली. मुलीच्या मेंदूला इतका मार बसला की तिची समज काही महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने सुमारे पावणेसव्वीस लाख. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम ६२ लाख २७ हजार केली, वर व्याज. यातला एक आकडा लक्षात ठेवा. मुलीला सांभाळायला दोन माणसं लागतील, प्रत्येकी महिना ५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. त्याला वयानुसार १८ ने गुणून फक्त सांभाळण्याचे २१ लाख ६० हजार. घरच्या बाईने केलेल्या सेवेला आपण 'आईच ती, करणारच' म्हणतो. कोर्टाने तिला काम म्हटलं आणि त्याची मजुरी लावली. पाच हजारांत चोवीस तासांची अर्धी पाळी करणारी मावशी आज सोलापुरात मिळेल का, हा वेगळा प्रश्न.

दुसरी गोष्ट कमाईची. सर्टिफिकेटवर दिव्यांगत्व किती टक्के लिहिलंय तेवढीच कमाई बुडाली, असं धरायचं नाही, हे २०१० च्या निकालात स्पष्ट झालं. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के जाते. हात तोच, नुकसान वेगळं. २०२० मध्ये असंच एक प्रकरण आलं. वीस वर्षांचा डेटा एंट्री ऑपरेटर, उजवा हात गेलेला. मेलेल्या माणसाच्या हिशेबात पुढे पगार वाढला असता हे धरतात, मग जिवंत जखमीच्या हिशेबात का नाही? सर्वोच्च न्यायालयाने ते धरायला लावलं. जगलेल्याचीही स्वप्नं असतात, हे मान्य व्हायला एवढी वर्षं लागली.

तुम्ही अजून कमवत नाही, मग तुमचा हिशेब कसा? कोर्ट एक अंदाजी उत्पन्न धरतं. समजा महिना १० हजार धरले. वय वीस, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून १४ हजार. वर्षाचे १ लाख ६८ हजार. गुणक १८. झाले ३० लाख २४ हजार. हे फक्त शंभर टक्के गेलेल्या कमाईचे. औषधपाणी, सांभाळणारं माणूस, वेदना हे वेगळं. कलम १६४ चे अडीच लाख आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा.

पण वेळ? त्या मुलीचा अपघात २००७ चा, शेवटचा निकाल २०२० चा. बारा वर्षांची मुलगी तोवर चोविशीत आली होती. तेवढी वर्षं घर कशावर चाललं असेल? वकील चांगला मिळाला, घरचे खचले नाहीत, म्हणून हा निकाल आपल्यापर्यंत आला. किती घरं हातातोंडाशी गाठ पडेना म्हणून मिळेल त्या रकमेवर तडजोड करून मोकळी होत असतील?

गाडी कुणाची, चूक कुणाची

आता सोलापुरात या. सात रस्त्यावरून केगावच्या विद्यापीठात जायचं म्हणजे पुणे हायवे. गुरुवारी अक्कलकोट, नवरात्रात तुळजापूर, थंडीत कुणाच्या तरी रानात हुरडा. सगळं बाइकवर. गाळप हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला. ट्रॅक्टरचा विमा असला तरी ट्रॉलीचा असेलच असं नाही, आणि यावरून कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालतात.

१६६ चा दरवाजा उघडतो तो समोरच्याची चूक असेल तर. कुत्रं आडवं आलं, वाळूवरून गाडी घसरली, झोप लागून दुभाजकावर गेलात, तर दावा कुणावर लावणार? अशा वेळी कामाला येतं ते पॉलिसीतलं मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात कव्हर. २०१८ पासून ते १५ लाखांचं आहे. मृत्यू, दोन अवयव गमावणं किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम. पण नाव नीट वाचा, मालक-चालक. आरसी बुक ज्याच्या नावावर आहे, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे, त्यालाच. तुम्ही चालवता ती गाडी कुणाच्या नावावर आहे? बहुतेकांचं उत्तर 'पप्पांच्या' असेल. मग हे १५ लाख पप्पांचे, तुमचे नाहीत. सेकंडहँड घेऊन अजून नावावर केली नसेल तर तेही गेलं.

दोस्ताची गाडी मागून नेली तर? इलकल आपल्याला साडीमुळे माहीत आहे. तिथून एक माणूस दुसऱ्याची मोटरसायकल घेऊन आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे घेऊन चाललेल्या बैलगाडीवर आदळून तो गेला. बायको-मुलांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ मध्ये कोर्ट म्हणालं, मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्याला त्या गाडीच्या विम्यातून मागता येत नाही. 'काय बे, चावी दे की, दहा मिनिटांत येतो' या वाक्यामागे एवढं सगळं आहे.

आणि मागे बसणारा? स्वस्तातली नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर टू-व्हीलरवर मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. फुल इन्शुरन्स, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर येते. म्हणजे तुमच्या चुकीने मागे बसलेल्या मैत्रिणीचा मणका गेला आणि पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल, तर भरपाई तुमच्या घरातून जाणार. आणि घरात नसेल तर तिला काहीच मिळणार नाही.

हे सगळे नियम चोरून ठेवलेले नाहीत, पॉलिसीच्या कागदावर छापलेले आहेत. पण विमा आपण काढतो पोलिसाला दाखवायला. पहिल्यांदा पकडलं तर २ हजार दंड, म्हणून. ७५ ते १५० सीसीच्या बाइकचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने वर्षाला ७१४ रुपये. नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम येतो, म्हणून सहाव्या वर्षी तो संपल्याचं कुणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्या गाडीने उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराचा मणका मोडला, तर त्याचं उरलेलं आयुष्य याच कागदावर उभं असणार आहे. दंड चुकवायला काढायचा तो कागद हा नव्हे.

रकाना वेगळा करा

'हप्ते वाढतील, लोकांना परवडणार नाही,' असं उत्तर येतं. परवडण्याचंच बोलू. आज हा खर्च होत नाही असं नाही. तो होतोच, फक्त ज्या घरावर संकट आलं तेच घर एकटं भरतं. विम्याचा अर्थच मुळी सगळ्यांनी थोडं थोडं भरून एकाला वाचवणं हा आहे.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग काढलेत. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातातल्या जखमीला, चूक कुणाचीही असो, सरकारी महामंडळ उपचार आणि बुडालेल्या कमाईचा भाग देतं. बदल्यात तिथे कोर्टात भरपाईचा दावा लावता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २००६ मध्ये लहान मुलांसाठी आणि २००७ मध्ये मोठ्यांसाठी वेगळी योजना केली. वाहन अपघातात मणका, मेंदू कायमचा जायबंदी झाला, हातपाय गेले, तर आयुष्यभर उपचार आणि सांभाळणारं माणूस. पैसा येतो वाहन विम्याबरोबर भरायच्या छोट्या आकारातून. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात अशा दुखापतींना कायद्यातच वेगळा वर्ग आहे. तिथेही २०१६ मध्ये सरकारने या लाभांची मर्यादा २० लाख डॉलरवरून १० लाखांवर आणली. म्हणजे एकदा मिळालं की कायमचं मिळालं, असं नसतं.

आपण त्यांच्याएवढे श्रीमंत नाही. पण सुरुवात करायला कायद्यात जागा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अपघात निधी तयार केला. दावा चालू असताना अंतरिम मदत देण्याची योजना करण्याचा अधिकारही केंद्राला दिला. मागणी तीन गोष्टींची हवी. एक, 'गंभीर' मधून आयुष्यभराच्या दुखापतीचा रकाना वेगळा काढा आणि अशी माणसं किती आहेत ते दरवर्षी मोजून सांगा. दोन, या रकान्यातल्या माणसाला, चूक कुणाचीही असो, निधीतून दरमहा सांभाळण्याचा खर्च द्या, त्यासाठी थर्ड पार्टी हप्त्यावर थोडा आकार लावावा लागला तरी चालेल. तीन, पॅकेज असो की नुसती थर्ड पार्टी, मागे बसणारा माणूस प्रत्येक पॉलिसीत आलाच पाहिजे. तुमच्यातल्या अनेकांनी पहिलं मतदान केलंय किंवा करणार आहात. मत मागायला येणाऱ्याला हायवे किती पदरी करणार हे आपण विचारतो. त्या हायवेवर जायबंदी झालेल्यासाठी काय करणार, हेही विचारा.

तोवर आपल्या हातात

आज संध्याकाळी घरच्या गाडीची पॉलिसी काढा आणि चार गोष्टी बघा. थर्ड पार्टीची शेवटची तारीख कधी? १५ लाखांचं कव्हर आहे का, आणि ते एकाच वर्षाचं आहे का? पॉलिसी पॅकेज आहे की नुसती थर्ड पार्टी? नाव कुणाचं? गाडी रोज तुम्हीच चालवत असाल तर ती तुमच्या नावावर करता येईल का, हे घरी बोला. नाहीतर स्वतःच्या नावाने अपघात विमा घ्या. सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'सरल सुरक्षा बीमा' नावाची एकसारखी पॉलिसी असते, वय १८ पासून. कमाई नसताना किती रकमेची देतात ते विचारून घ्या.

काहीच जमत नसेल तर बँकेत जा. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे. एका वडापावचे पैसे. मृत्यूला २ लाख आणि दोन्ही पायांचा वापर कायमचा गेला तरीही २ लाख. निदान इथे तरी जगलेल्याला कमी धरलेलं नाही. शेतकरी घरातल्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनाही आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि घरातला आणखी एक जण तिच्यात येतो, दोन अवयव गेले तर २ लाख.

लायसन्स नसलेल्या धाकट्या भावाच्या हातात गाडी देऊ नका. त्याने कुणाला उडवलं तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते.

आणि ओळखीत कुणावर अशी वेळ आलीच, तर भेटायला जाताना फळांच्या पिशवीबरोबर ही माहिती न्या. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो, तो गेला का ते विचारा. कायद्याने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. 'मिळेल त्यातले इतके टक्के' अशी वकिलाची फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. दिव्यांग व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचं कार्यालय आपल्या जिल्हा न्यायालयातच आहे. अपील करावं लागलं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, मुंबईच्या खेपा वाचल्या. दिव्यांग प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ५ टक्के जागा आहेत. तुमचा वर्गमित्र परत वर्गात येऊ शकतो.

आणि तो परत आला, तर त्याचा वर्ग तळमजल्यावर आहे का, रॅम्प आहे का, त्याची व्हीलचेअर टॉयलेटच्या दारातून आत जाते का, हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तुम्हीच विचारायचं आहे. त्यासाठी कायदा बदलायची वाट बघावी लागत नाही.